शितावरून भाताची परीक्षा

दिवाळीच्या फराळाचे ताट पुढे असताना जंतूंचा विषय काढणे हे अरसिकपणाचे लक्षण आहे, हे मला ठाऊक आहे. चकलीचा तुकडा मोडता मोडता वाचकाने काहीतरी गोड वाचावे, अशी संपादकांची आणि माझ्या घरच्या मंडळींचीही अपेक्षा असते. पण ज्या जंतूंविषयी मी लिहिणार आहे त्यांतले निम्मे तरी तुमच्या-आमच्या घरात बिऱ्हाडकरू म्हणून राहतात आणि भाडेही चोख देतात. शिवाय त्यांच्या निमित्ताने मला जो प्रश्न विचारायचा आहे, तो जंतूंचा नाहीच. एखादा कोण आहे, हे आपण कशावरून ठरवतो? आणि एकदा ठरवले की त्याच्या सगळ्या गोतावळ्याविषयी काय काय ठरवून मोकळे होतो? हा तो प्रश्न.

याचे पहिले उत्तर स्वयंपाकघरात मिळते. रात्री कोमट दुधात चमचाभर विरजण कालवून गृहिणी पातेल्यावर झाकण ठेवते. त्या चमच्यात कोट्यवधी जीव असतात. तिने ते कधी पाहिलेले नसतात, पाहण्याची तिला गरजही नसते. सकाळी दही कवडीदार लागले, चव गोडसर-आंबट आली, तर विरजण चांगले. त्याला तार सुटली किंवा नुसते पाणी झाले, तर ते विरजण बाद. दुधातली साखर खाऊन आम्ल तयार करणारे हे जंतू आहेत आणि त्या आम्लाने दूध गोठते, हे पाश्चरने १८५७ साली आंबण्याच्या क्रियेवर निबंध वाचला तेव्हापासून विद्वानांना हळूहळू पटत गेले. आपल्या आज्या-पणज्यांना एवढेच पक्के ठाऊक होते की विरजणाची ओळख त्याच्या करणीवरून होते. जंतुशास्त्राच्या प्रयोगशाळेत आज ज्याला जैवरासायनिक परीक्षा म्हणतात, ती याच जातीची आहे.

मी शाळेत मराठी आणि इतिहास शिकवतो. शास्त्राचे माझे शिक्षण मॅट्रिकपाशी थांबले. तेव्हा पुढे जे सांगतो ते विचारून विचारून मिळवलेले आहे, आणि ज्यांनी सांगितले त्यांनी ते मला कळेपर्यंत सांगितले आहे.

सामान्य समज असा की सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला की जंतू ओळखू येतो. मलाही शाळकरी वयात तसेच वाटे. प्रत्यक्षात सूक्ष्मदर्शक फार थोडे सांगतो. डेन्मार्कच्या हान्स क्रिश्चन ग्राम याने १८८४ साली जंतू रंगवण्याची एक रीत शोधली. त्या रीतीने काही जंतू जांभळे राहतात, काही गुलाबी होतात. त्यावरून दोन मोठे तट पडतात. आकारावरून गोळे आणि कांड्या असे आणखी दोन. पण पुढे? विषमज्वराचा जंतू ही एक गुलाबी कांडी. आपल्या प्रत्येकाच्या आतड्यात सुखाने नांदणारा ई. कोलाय हीदेखील गुलाबी कांडी. काचपट्टीवर दोघे शेजारी ठेवले तर कसलेला डोळाही कोणता कोण हे सांगू शकत नाही. एक माणसाला तीन तीन आठवडे अंथरुणाला खिळवतो. दुसरा बहुधा काहीच करत नाही. चेहरा मात्र दोघांचा एकच.

आम्हा कादंबरीकारांची इथे थोडी पंचाईत होते. पहिल्याच प्रकरणात पात्राचे नाक, डोळे आणि कपाळ सांगून वाचकाला त्याच्या स्वभावाची वर्दी द्यायची, ही आमची जुनी वहिवाट. जंतुशास्त्रज्ञाला ती चैन परवडत नाही. त्याला पात्रापुढे प्रसंग मांडावा लागतो आणि ते काय करते हे पाहावे लागते.

हे मी ज्या निमित्ताने शिकलो ते आमच्याच गावचे. यवतमाळ जिल्ह्यातले गाव. नाव सांगण्याचे कारण नाही. पोळ्याच्या आधीचे दिवस होते. पाऊस लागून राहिला होता आणि शाळेतली पाच-सहा मुले जुलाबाने घरी होती. ग्रामपंचायतीकडे पाणी तपासायच्या बाटल्या असतात, त्यांतली एक आमच्या जलसुरक्षकाने शाळेपाशी असलेल्या नळाच्या पाण्याने भरली. ही बाटली मोठी गमतीची आहे. आत औषधात भिजवून वाळवलेला कागद असतो. खुणेपर्यंत पाणी भरायचे, बाटली उबेला ठेवायची आणि एक-दोन दिवस वाट पाहायची. आतड्यातून येणारे काही जंतू त्या औषधातल्या गंधकाच्या क्षारापासून सडक्या अंड्याच्या वासाचा वायू तयार करतात. तो वायू औषधातल्या लोहाच्या क्षाराला भेटला की पाणी काळे होते. ही युक्ती आपल्याच देशातली. मंजा, मौर्य आणि राव या तिघांचा त्यावरचा निबंध १९८२ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत छापून आला. वीज नाही, यंत्र नाही, तज्ज्ञ नाही अशा खेड्यासाठी याहून सोपी परीक्षा मला तरी माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाटली शाईसारखी काळी झाली. संध्याकाळपर्यंत गावाने निकालही लावून टाकला. गावाबाहेर, नाल्याच्या पलीकडे पारध्यांचा बेडा आहे. तिथली सात-आठ मुले आमच्या शाळेत येतात. "ते बेड्यावरचे पोट्टे टाकीवर चढतात, तेच हात घालतात पाण्यात," असे पारावर कोणीतरी म्हणाले आणि सगळ्यांना ते एकदम पटले. पटणारच. चोरी झाली की पहिली चौकशी बेड्यावर, शेतातली मोटार गेली की पहिली चौकशी बेड्यावर. मग पाणी नासले तर दुसरीकडे जायचे कशाला? दुसऱ्या दिवशी पालकांपैकी दोघांनी येऊन मला सांगितले की त्या मुलांना नळाला तोंड लावू देऊ नका, त्यांनी आपले पाणी घरून आणावे.

सहावीतला एक पारध्याचा मुलगा मधल्या सुटीत माझ्या टेबलाशी आला. तो सहसा बोलत नसे. काळी बाटली खिडकीत होती, तिच्याकडे बोट करून त्याने विचारले, "गुरुजी, शिशीनं आमचं नाव सांगतलं का?"

मी पंचवीस वर्षांच्या आत-बाहेर मास्तरकी करतो आहे. मुलांचे प्रश्न पुष्कळ ऐकले. इतका नेमका प्रश्न थोड्या वेळा ऐकला असेल. बाटलीने काय सांगितले होते? या पाण्यात गंधकाचा वायू तयार करणारे जंतू आहेत, एवढेच. ते माणसाच्या आतड्यातून आले की गाईगुरांच्या, हेदेखील ती सांगत नाही; मग कोणत्या माणसाच्या, हे ती कुठून सांगणार? तिच्या उत्तरात गावाने आपल्या मनातले नाव भरले होते.

दोन दिवसांनी मी आणि जलसुरक्षक जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत गेलो. तिथून आणलेल्या निर्जंतुक बाटल्यांत चार ठिकाणचे पाणी घेतले होते: टाकीचे, शाळेच्या नळाचे, मोठ्या गल्लीतल्या नळाचे आणि चौथे बेड्यावरच्या हापशीचे. चौथे मी हट्टाने घेतले. ती हापशी बसवल्यापासून तिचे पाणी कोणी तपासल्याचे गावात कोणाला आठवत नव्हते. बर्फाच्या डब्यात बाटल्या घालून, एस.टी.ने, दुपारच्या आत पोहोचायचे, असा प्रकार.

प्रयोगशाळेत एक ताई होत्या. पूर्वी त्या रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत होत्या, त्यामुळे जंतूंशी त्यांचे पाण्यातले आणि माणसातले असे दुहेरी परिचय. त्यांनी मला परीक्षानळ्यांची एक फळी दाखवली. नळीत मांसाचे सत्त्व, पित्ताचे क्षार, दुधातली साखर आणि रंग बदलणारे एक द्रव्य; आणि आत उपडी घातलेली बोटाच्या पेराएवढी दुसरी नळी. जंतूने ती साखर खाल्ली तर आम्ल होते, रंग बदलतो; शिवाय वायू सोडला तर उपड्या नळीत बुडबुडा अडकतो. "ई. कोलायला ही साखर आवडते, विषमज्वराच्या जंतूला ती पचत नाही," ताई म्हणाल्या. तेवढ्या एका आवडीनिवडीवरून दोन जुळे वेगळे झाले.

पण त्या तिथे थांबत नाहीत. बुडबुडा दिसलेल्या नळीतला थेंब पुन्हा दुसऱ्या नळ्यांत घालून ४४ अंशांच्या उबेत ठेवायचा. तिथेही वायू सुटला आणि वरून टाकलेल्या औषधाने लाल कडे उमटले, तर ई. कोलायचे नाव घ्यायचे. हे लाल कडे इंडोल नावाच्या द्रव्याचे. ट्रिप्टोफॅन नावाचा प्रथिनाचा घटक मोडून काही जंतू ते तयार करतात. रुग्णाच्या नमुन्यासाठी तर आणखी प्रश्न असतात. नुसत्या सायट्रेटवर जगतोस का? जगत असेल तर हिरवे माध्यम निळे होते. युरिया फोडतोस का? फोडत असेल तर नळी गर्द गुलाबी. हायड्रोजन पेरॉक्साइडचा थेंब टाकला तर फेस येतो का? सशाच्या रक्तद्रवात घातला तर गाठ धरते का? प्रत्येक प्रश्न साधा. उत्तर फक्त हो किंवा नाही. सगळी उत्तरे ओळीने मांडली की मग नाव.

"एका नळीवरून नाव नाही लिहीत का?" मी विचारले.

"एका नळीवरून?" त्या हसल्या. "गुरुजी, तुम्ही एका प्रश्नावरून मुलाला नापास करता का?"

आणि त्यांनी मला फळीच्या टोकाच्या दोन नळ्या दाखवल्या. एकीत मुद्दाम ओळखीचा जंतू घातलेला, जो 'हो' म्हणणार हे ठाऊकच आहे. दुसरीत 'नाही' म्हणणारा. या दोघांनी ठरल्याप्रमाणे उत्तर दिले नाही, तर त्या दिवसाची सगळी फळी फेकून द्यायची. कारण मग चूक जंतूची नसते, प्रश्नाची असते. आरोपीची परीक्षा घेण्याआधी परीक्षेचीच परीक्षा. मी हे ऐकले आणि आमच्या पारावरची ती संध्याकाळ आठवून गप्प बसलो.

निकाल आला. टाकीचे पाणी स्वच्छ. शाळेचा आणि गल्लीचा असे दोन्ही नळ दूषित. हापशीही दूषित. म्हणजे टाकीवर कोणी चढले असो वा नसो, घाण टाकीच्या पुढे कुठेतरी शिरत होती. शोधताना सापडले ते असे: मोठ्या गल्लीच्या तोंडाशी व्हॉल्व्हचा खड्डा, त्यात गटाराचे पाणी साचलेले आणि नळीचा सांधा त्या पाण्यात बुडालेला. पाणी सुरू असते तेव्हा आतला दाब घाण बाहेर ठेवतो. पाणी बंद झाले की नळीत पोकळी होते आणि खड्ड्यातले पाणी आत ओढले जाते. गल्ली गावातल्या प्रतिष्ठितांची, गटारही त्यांचेच. आठ दिवसांत सांधा वर घेतला गेला.

इथे गोष्ट संपली असती तर ती पाठ्यपुस्तकात घालण्याजोगी झाली असती. पण चौथी बाटली होती ना! हापशीचेही पाणी दूषित निघाले हे कळताच पारावर पुन्हा तेच: "पाहा, आम्ही म्हणत नव्हतो?" एकच परीक्षा, एकच उत्तर. गल्लीच्या नळाच्या बाबतीत त्याचा अर्थ झाला, गल्लीतल्या लोकांवर संकट आले. बेड्याच्या हापशीच्या बाबतीत अर्थ झाला, बेड्यातल्या लोकांनी संकट आणले. हापशीचा ओटा फुटलेला, भोवती गुरांचा चिखल, आणि तेच पाणी ती मुले रोज पीत होती, हे कोणाच्या डोक्यात आले नाही. तो ओटा दुरुस्त व्हायला पुढचा उन्हाळा उजाडला.

शितावरून भाताची परीक्षा, असे आपण सहज म्हणतो. म्हण खोटी नाही. प्रयोगशाळेचे सगळे काम याच म्हणीवर चालते. पण त्यांनी तिच्यातली अट पाळली आहे आणि आपण ती विसरलो आहोत. शीत ज्या भाताचे आहे, त्याच भाताची परीक्षा त्यावरून करायची. आणि तो भात एकाच तांदळाचा, एकाच पातेल्यात, एकाच आचेवर शिजलेला असला पाहिजे. म्हणून जंतुशास्त्रज्ञ आधी जंतू वेगळा करतात. बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत यासाठी आधी जिलेटिन वापरीत. ते उबेत वितळे, आणि काही जंतू तर ते खाऊनच टाकीत. १८८१ च्या सुमारास तिथल्या वॉल्टर हेस या सहकाऱ्याच्या पत्नीने, फॅनी हेस यांनी, आपल्या स्वयंपाकघरातली युक्ती सुचवली: समुद्रशैवालापासून निघणारे आगर घाला. ही माहिती त्यांना जावा बेटावर राहून आलेल्या एका शेजारणीकडून मिळाली होती. आगराच्या थरावर एकेक जंतू वेगळा पडतो आणि वाढून त्याचा टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका होतो. त्या ठिपक्यातले लक्षावधी जीव एकाच पूर्वजाचे, एकाच अन्नावर, एकाच दिवशी वाढलेले. अशा ठिपक्यातला कण उचलून परीक्षा घेतली तर ती सगळ्या ठिपक्याला लागू. दोन ठिपके मिसळले की परीक्षा रद्द.

माणसांचा कोणता समाज असा एका ठिपक्यातला आहे?

पण कायद्याने तसे मानले होते. इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. सरकारने एखादी जमात 'गुन्हेगार' म्हणून जाहीर केली की तिच्यातल्या माणसांची नोंद, हजेरी आणि गाव सोडण्यापूर्वी परवानगी, हे सगळे मागे लागे. कोणी काय केले हे विचारण्याची गरज नव्हती. कोणाच्या पोटी जन्मला एवढे पुरे होते. सोलापूरला तर तारेच्या कुंपणातली वसाहत होती. फासे टाकून शिकार करणारे पारधी या कायद्याच्या कचाट्यात सापडले. १९११ आणि १९२४ साली कायदा आणखी आवळला गेला. स्वातंत्र्यानंतर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो रद्द झाला, म्हणून या जमातींना आपण विमुक्त म्हणतो. कायदा गेल्याला सत्तर वर्षे उलटली. पारावरचा कायदा रद्द करायला कोणते सरकार आणायचे?

माझे एक निवृत्त स्नेही आहेत. वाचन दांडगे आणि जीभ तिखट. हे सगळे ऐकून ते म्हणाले, "मास्तर, तुमचे जंतुशास्त्र तरी काय वेगळे करते? तेही शेवटी जातच विचारते. अमुक जातीचा जंतू निघाला की औषध सुरू. त्याने या रुग्णात अपराध केला की नाही, हे कुठे पाहतात?"

आक्षेप कच्चा नाही. त्याचा विचार करताना मला पटकीच्या जंतूची हकीकत फार उपयोगी पडली. पटकीचा जंतू नळ्यांच्या परीक्षेत सरळ नाव सांगतो. पण त्या नावाच्या जंतूंचे दोनशेहून अधिक प्रकार आहेत आणि त्यांतल्या दोघांनीच आजवर साथी आणल्या. पहिला ओ १, दुसरा ओ १३९; हा दुसरा १९९२ साली आपल्याच देशात प्रकट झाला. बाकीचे पुष्कळसे खाड्यांच्या आणि नद्यांच्या पाण्यात आपापला संसार करतात. आणखी नवल म्हणजे, पटकीचे विष तयार करण्याची विद्या मुळात त्या जंतूची नव्हेच. जंतूंना ग्रासणारा एक विषाणू ती त्याच्या शरीरात आणून ठेवतो. हे १९९६ साली सिद्ध झाले. म्हणजे ज्याला आपण जन्मजात खुनी समजत होतो, तो स्वतःच संसर्गाने बिघडलेला! ई. कोलायचे उलटे. तो सज्जनांचा सज्जन, आतड्यातला जुना रहिवासी; पण त्याच्यातही विष कमावलेले काही वंश आहेत, आणि नेहमीच्या साध्या परीक्षांत ते सज्जनांसारखीच उत्तरे देतात. त्यांना हुडकायला वेगळे प्रश्न विचारावे लागतात.

पाण्यात ई. कोलाय सापडला की पाणी पिऊ नका असे सांगतात, तेही त्याला गुन्हेगार समजून नव्हे. तो साक्षीदार असतो. या वाटेने विष्ठा आली आहे, माझ्यामागून आणखी कोणीही आले असेल, एवढे तो सांगतो. स्नेह्यांना मी म्हणालो, नाव लावणे हा अपराध नाही. नावाशिवाय डॉक्टर औषध कोणते देणार? पण ताई अहवालात नाव लिहितात आणि थांबतात. शिक्षेचा रकाना त्या कागदावर नाही. स्नेही म्हणाले, "जंतूला नाव लावल्याने जंतूला दुःख होत नाही." यावर मात्र माझ्यापाशी उत्तर नव्हते. मला वाटते, आमच्या वादात तेच एक वाक्य सर्वांत खरे होते.

करणीवरून ओळखावे, हे तत्त्वही मी डोळे मिटून स्वीकारायला तयार नाही. जंतूची करणी ही त्याच्यापुढे काय वाढले यावर अवलंबून असते. साखर दिली तर साखरेचा गुण दिसेल. उपाशी ठेवला तर काहीच दिसणार नाही आणि आपण म्हणू, याच्यात काही नाही. ज्या मुलाच्या घरी पाटी नाही त्याला अक्षर येत नाही, ही त्याची करणी म्हणायची का पाटीची? दरवर्षी निकालपत्रके लिहिताना हा प्रश्न मला छळतो, आणि दरवर्षी मी निकालपत्रके लिहितोच.

आणि एक जंतू असा आहे की तो या परीक्षेला बसतच नाही. कुष्ठरोगाचा. नॉर्वेच्या हान्सेनने १८७३ साली तो पाहिला. माणसाच्या रोगाशी जोडल्या गेलेल्या अगदी पहिल्या जंतूंपैकी तो एक. दीडशे वर्षे झाली, तरी आगरावर किंवा नळीत तो अजून कोणालाही वाढवता आलेला नाही. उंदराच्या पंजात वाढतो, आर्माडिलो नावाच्या अमेरिकेतल्या खवल्याच्या प्राण्यात वाढतो, माणसात वाढतो. एकाचे दोन व्हायला त्याला बारा-चौदा दिवस लागतात. साखर खातोस का, हे त्याला विचारणार कसे? त्याची ओळख राहिली ती चेहऱ्यावरून. आणि दुर्दैवाने ती त्याच्या चेहऱ्यावरून कमी, रुग्णाच्या चेहऱ्यावरून अधिक. १८९८ च्या कायद्याने कुष्ठरुग्णाला पकडून आश्रमात ठेवता येई. तो कायदा २०१६ साली रद्द झाला. जोडीदाराचा कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून कायद्यात होते, ते २०१९ साली वगळले गेले. रोग बरा करणारी औषधे १९८० च्या दशकापासून उपलब्ध होती आणि उपचार सुरू झाले की रुग्णापासून संसर्गाचे भय लवकरच जाते, हे पाहता या तारखा वाचून मान खाली जाते. आमच्या वणीकडून वर्धा नदी ओलांडली की वरोरा. तिथे बाबा आमट्यांनी १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि खडकाळ माळावर आनंदवन उभे केले. हात झडलेल्या माणसांनी विहिरी खणल्या, शेती केली, माग चालवले. कोणाची जैवरासायनिक परीक्षा घ्यायची झाली, तर मी त्या माळाची घेईन.

आता प्रयोगशाळाही बदलत आहेत. मोठ्या शहरांत अशी यंत्रे आली आहेत की जंतूचा ठिपका ठेवला की काही मिनिटांत त्याच्या प्रथिनांवरून नाव सांगतात. त्याहून पुढची यंत्रे त्याची आनुवंशिक पोथीच वाचतात. म्हणजे करणी सोडून पुन्हा कुळाकडे जाणे आलेच. त्या पोथीने एक मोठी अडचण करून ठेवली आहे. जपानच्या शिगा यांनी १८९७ साली रक्ती आवेचा जंतू शोधला. त्याचे घराणे शिगेला. नळ्यांच्या परीक्षेत तो ई. कोलायहून स्पष्ट वेगळा पडतो. हालत नाही, दुधातली साखर बहुधा खात नाही, वायू सोडत नाही. पोथी मात्र सांगते की हा ई. कोलायच्या घरातलाच मुलगा. माणसाच्या पेशीत बिऱ्हाड केल्यावर जुन्या कला विसरलेला. कुळाच्या हिशेबाने दोघांचे नाव एकच व्हायला हवे. शास्त्रज्ञांनी ते अजून केलेले नाही. प्रयोगशाळेच्या अहवालात तो शिगेला म्हणूनच लिहिला जातो. कारण वॉर्डात पडलेल्या पोराच्या बापाला त्या जंतूची वंशावळ नको असते, रक्त पडायचे कधी थांबेल, एवढेच त्याला हवे असते.